दोन खोल्यांत एक बल्ब

लखीचंद शेठजींच्या घरात विजेचे सात बल्ब होते आणि एका वेळी दोनाहून जास्त पेटलेले मी चार वर्षांत पाहिले नाहीत. तिसरा लागायचा तेव्हा पहिला विझायचा. यावर मी खूप हसले आहे, माहेरी जाऊन शेठजींच्या नकला करून दाखवल्या आहेत, आणि माडीवर अंधारात बसून दातओठही खाल्ले आहेत. आता हसू येत नाही. त्याच घरात, त्याच बल्बाखाली, प्रेमकुंवर काकींचे डोळे गेले आणि आम्ही सगळे शहाणे बल्ब बदलत बसलो. हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगून कोणाला चकित करावं असं त्यात काही नाही.

धरणगावला आम्ही गेलो १९६९ च्या जूनमध्ये. आमच्या यांना तिथल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती. मी शिरपूरकडची, शेतकऱ्याची मुलगी, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत शेठजींचं घर. खाली ते आणि काकी, वर माडीवर आम्ही. त्यांना मूलबाळ नव्हतं. पेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. घर दाखवताना त्यांनी खोल्या भराभर दाखवल्या आणि बटणं सावकाश.

"बाई, हे जिन्याचं. खाली लावायचं, वर पोचलं की वरच्या बटणाने बंद करायचं. झुलाल वायरमनकडून मुद्दाम करून घेतलंय. आणि साडेनऊला मी खालून मेन स्विच ओढतो. मग रॉकेलची चिमणी लावा की झोपा, तुमची मर्जी."

आमचे हे पडले गणिताचे, त्यांना शेठजी लगेच आवडले. मला नाही आवडले.

खालच्या घरात स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीला शेठजींनी वीतभर लांबरुंद झरोका पाडून घेतला होता, आणि त्या झरोक्यात बल्ब टांगला होता. एका बल्बात दोन खोल्या. अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे. बल्ब पंधरा वॅटचा. त्या उजेडात माणूस दिसायचा, पण तो हसतोय की रुसलाय ते विचारून घ्यावं लागायचं.

बाकीचं तर विचारूच नका. अंगणात काळ्या रंगाने रंगवलेल्या दोन घागरी उन्हात ठेवलेल्या असायच्या. खानदेशचं ऊन, आणि तेही फुकट. चैत्रात तर पाणी असं तापायचं की आंघोळीला विसण, म्हणजे वरून गार पाणी, घ्यावं लागे. कपड्यांना इस्त्री पितळी तांब्यात चुलीतले निखारे घालून. चूल पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या झाडांवर. डाळ शिजायला ठेवली की तिच्यावर झाकण म्हणून पाण्याचं पातेलं. डाळीच्या वाफेवर पाणी कोमट व्हायचं आणि मग तेच पाणी भाताला. सकाळ-संध्याकाळ शेठजी मीटरपुढे उभे राहायचे. आतली चकती फिरायची थांबलेली दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मी दुसऱ्या कशाने आलेलं पाहिलं नाही.

पेठेतली माणसं विजेचं बिल हातात घेऊन त्यांच्याकडे यायची. शेठजी बिल वाचायचे, मग त्या माणसाच्या घरी जाऊन पाहायचे. कुठे न्हाणीघरातला दिवा दिवसाढवळ्या जळत असायचा, कुठे बल्बावर बोटभर काजळी असायची. "बल्ब पुसा भाई, साठाचा चाळीस झालाय तुमचा. पुसला की पंचवीससुद्धा पुरेल." पुढच्या महिन्यात त्या घरचं बिल खरंच उतरायचं. अशी पाच-पंचवीस घरं त्यांनी सुधारली. उजेडाबद्दल कोणीही काहीही बोललं की त्याचं उत्तर वायर, बल्ब आणि बटण या तिघांत सापडतं, ही त्यांची खात्री तिथून आली. ती कधी चुकलीही नव्हती.

कंजूष म्हणावं तर माणूस कंजूष नव्हता. गोशाळेला चारा, कबुतरांना ज्वारी, यात हात कधी आखडला नाही. पहिल्याच पावसाळ्यात यांना विषमज्वर झाला तेव्हा डॉक्टरांना टांग्यातून घेऊन आले ते शेठजीच, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांना वाया जाणं सोसत नसे, एवढंच. शिवाय ते होते जैन. दिव्यावर पाखरं येतात, पोळून मरतात. दिवा जितका मोठा तितके जीव जास्त. म्हणून सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपायची, चूल थंड व्हायची आणि घर बोलणं कमी करायचं. त्यांची बचत आणि त्यांचा धर्म असे हातात हात घालून चालायचे की त्यांच्याशी भांडायला मला फट सापडत नसे.

काकी मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. त्यांचा अभिमान एकच, डाळ-दाणा निवडण्याचा. आपण खडा लागू नये म्हणून निवडतो. त्या जीव मरू नये म्हणून निवडायच्या. पोरकिडा, अळी, सोंडा, जे सापडेल ते चिमटीत हलकेच धरायच्या, थोडा दाणा घातलेल्या वाटीत ठेवायच्या आणि वाटी सावलीत नेऊन उपडी करायच्या. दिवसा कामातून उसंत नसे, म्हणून संध्याकाळी जेवणं उरकली की झरोक्याखाली परात घेऊन बसायच्या. मी खाली जाऊन समोर बसायची. माझ्या चार अळ्या होईपर्यंत त्यांच्या दहा व्हायच्या.

१९७० च्या पावसाळ्यात एकदा त्या परातीतून मान वर करून म्हणाल्या, "सुनंदा, बल्बाभोवती कडं दिसतं गं. लाल, निळं. मोरपिसासारखं."

मी पाहिलं. कडं-बिडं काही नव्हतं, फक्त पंधराचा बल्ब होता. "शेठजींना इंद्रधनुष्यही फुकट पडलं वाटतं," मी म्हणाले. दोघी पोट धरून हसलो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

शेठजींनी ऐकलं. त्यांनी बल्ब काढला, राखेने घासला, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसला आणि परत लावला. "काजळी होती. आता?" काकी म्हणाल्या, "आता बरं आहे." दुसऱ्या दिवशी कडं परत आलं. शेठजींनी बल्ब परत पुसला. मग तो त्यांचा रोजचा नेमच झाला. सामायिकाला, म्हणजे संध्याकाळच्या ध्यानाला बसण्याआधी बल्ब पुसायचा.

त्या हिवाळ्यात काकी म्हणायला लागल्या की उजेड कमी येतो. याचंही उत्तर शेठजींकडे तयार होतं, आणि ते बरोबरही होतं. कापसाचा हंगाम, गावातल्या जिनिंग, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्या, रात्रंदिवस चालू. मोटारी सुरू झाल्या की सगळ्या गावाचे दिवे मिणमिणायचे. "जिनिंग बंद होऊ द्या, आपोआप उजेड वाढेल." काकींनी मान डोलावली. कपाळ दुखायचं तेव्हा सुंठ उगाळून लावायच्या. ते उपासाने दुखतं, असं ठरलेलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, तिने तर आम्हा सगळ्यांना पुरतं फसवलं. उन्हात काकींना बऱ्यापैकी दिसायचं. सकाळी अंगणात बसल्या की सुईत दोरा ओवायच्या, धार्मिक पोथी वाचायच्या. म्हणजे डोळे ठीक आहेत, बल्ब अपुरा आहे. एवढं सरळ गणित, आणि घरात गणिताचा मास्तर. कोणालाही वाटेल की उत्तर आलं.

मी त्यात काय केलं तेही सांगते. काकी कधीमधी वर आमटी पाठवायच्या. १९७१ च्या उन्हाळ्यात एका आमटीत मला अळी दिसली. पुन्हा एकदा, महिन्याभराने. दोन्ही वेळा मी ती आमटी गुपचूप मोरीत ओतली आणि भांडं घासून खाली देताना म्हणाले, "काकी, झक्क झाली होती." जैनाच्या बाईला तुमच्या स्वयंपाकात जीव शिजला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मला वाटलं मी त्यांचं मन जपते आहे. हे यांना सांगितलं तर हे म्हणाले, "पंधराच्या बल्बात दुसरं काय होणार?"

मग आलं पर्युषण, जैनांचं उपास-तपाचं पर्व. चातुर्मासात गावात महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, मुक्कामाला होत्या. त्या दारोदार जाऊन थोडं थोडं अन्न घेतात, त्याला गोचरी म्हणतात. घरी गोचरीला आल्या की काकींना आभाळ ठेंगणं व्हायचं. त्या दिवशी सकाळची अकराची वेळ असेल. दोन साध्वी आल्या. काकींनी डाळीचं पातेलं पुढे केलं. मोठ्या साध्वींनी पात्र पुढे करता करता मागे घेतलं. हळूच म्हणाल्या, "बाई, यात जीव आहे."

काकी वाकल्या. पातेल्यात बघत राहिल्या. मला दारातून दिसत होतं, मधोमध पांढरी अळी तरंगत होती. काकी म्हणाल्या, "कुठे?"

 साध्वी दुसरं काही न घेता, मन दुखणार नाही अशा मऊ शब्दांत आशीर्वाद देऊन निघून गेल्या. काकी पातेल्यापुढे बसल्या त्या उठेनात. "सुनंदा, महासतीजींना दिसलं आणि मला दिसलं नाही. इतकी वर्षं मी जीव वाचवते म्हणून मिरवलं. किती शिजवले असतील गं मी?" आणि त्या लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. मला तेव्हा माझ्या मोरीतल्या दोन आमट्या आठवल्या. तरी मी बोलले नाही. त्यांनी तीन दिवसांचा निर्जळी उपास धरला.

मला असा राग आला की दुपारी शेठजी दुकानातून आल्याबरोबर मी जिना उतरून त्यांच्यापुढे उभी राहिले. भाडेकरूची बायको, पंचविशीच्या आतली, डोक्यावर पदर नाही. "शेठजी, हे पाप काकींना नाही लागणार, तुमच्या पंधराच्या बल्बाला लागेल! चार पैशांच्या विजेपायी त्यांच्या हातून हे करवलंत तुम्ही!" गल्लीतल्या बायका दारांत आल्या.  शेठजींनी चप्पल घातली, परत गेले, आणि येताना चाळीसचा बल्ब घेऊन आले. स्वतः स्टुलावर चढून झरोक्यात लावला.

गल्लीने मला शाबासकी दिली. मलाही गड जिंकल्यासारखं वाटलं. आज विचाराल तर त्या घराचं सगळ्यात मोठं नुकसान मी त्या दिवशी केलं. तोवर बल्बावर फक्त शेठजींचा विश्वास होता. माझ्या भांडणानंतर सगळ्यांचाच बसला, काकींचासुद्धा. डोळ्यांकडे बघायला कोणी उरलंच नाही.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. नगरपालिकेचा भोंगा वाजला की गाव काळं. शेठजींना ते मनातून आवडलं असावं, पण बोलून दाखवण्याइतके ते वेडे नव्हते. एका संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा आम्ही खालीच होतो. काळोखात आमच्या यांचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, मी पाटाला अडखळले. काकी मात्र उठल्या, माठाकडे गेल्या, दोन पेले पाणी घेऊन आल्या आणि एक थेंब न सांडता माझ्या हातात दिले. हे म्हणाले, "काकी, तुम्हाला अंधारात दिसतं की काय?" शेठजी अंधारात हसले. "वीस वर्षांची सवय आहे मास्तर. आमच्या घराला ब्लॅकआऊटची भीती नाही."

सगळे हसलो. काकीही हसल्या. पाणी देताना त्यांनी आधी माझा हात चाचपला होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. पण अंधारात कोणीही चाचपणारच, असं मी मनाशी म्हणाले. त्या बाईने ते घर पावलांनी मोजून ठेवलं होतं, आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो.

होळी झाली, जिनिंग बंद पडल्या. गावाचे दिवे स्वच्छ झाले. काकींचा उजेड वाढला नाही. शेठजींनी साठाचा बल्ब आणला. ज्या माणसाने आयुष्यभर बल्ब उतरवले तो आता एकेक पायरी चढत होता, आणि काकी प्रत्येक बल्बाला "आता बरं आहे" म्हणायच्या आणि आठवड्याने चहा कपाबाहेर ओतायच्या. शेठजींचा चेहरा मी पहिल्यांदाच गोंधळलेला पाहिला. पाच-पंचवीस घरांचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराचं सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी झुलालला बोलावलं.

झुलाल वायरमन त्यांचा जुना माणूस. जवळच्या खेड्यातला, बोलणं अस्सल अहिराणी. दुपारभर त्याने घर पिंजून काढलं. फ्यूज पाहिला, होल्डर उघडले, मीटरपासून झरोक्यापर्यंत वायर बोटांनी चाचपली. शेवटी शेठजींनी शंभराचा बल्ब त्याच्या हातात दिला. शंभराचा! तोही झरोक्यात नाही, स्वयंपाकघराच्या मधोमध टांगायला. दिवेलागणीला झुलालने तो लावला आणि स्टुलावरून खाली उतरला.

"शेठ, वायर बी चांगली शे, होल्डर बी चांगलं शे, व्होल्टेज बी बराबर शे," तो म्हणाला. "बठ्ठं चांगलं शे. मंग अंधार कथाईन येस?" म्हणजे, सगळंच ठीक तर अंधार येतो कुठून?

शेठजींनी बटण दाबलं. त्या खोलीचे कोपरे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. छताची काजळी, फडताळावरचे बोटांचे पुसट ठसे, काकींच्या लुगड्याला खांद्यावर घातलेलं ठिगळ, सगळं उघडं पडलं. काकींनी मान वर केली. "उजेड आला," म्हणाल्या. त्या इतक्या खुशीत म्हणाल्या की शेठजींनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. "आता बघा, कशी झटकन निवडते." त्यांनी परात पुढ्यात ओढली.

आम्ही तिघं उभं राहून पाहत होतो. काकी मान खाली घालून समोरचे पाच-सहा दाणे बघत होत्या, नखाने सरकवत होत्या. बाजूला, परातीच्या उजव्या अंगाला, पोरकिडे चालत होते. दारातूनसुद्धा दिसावेत एवढे. एक काठावर चढला, तिथून त्यांच्या मनगटावर आला, बांगडीला वळसा घालून पुढे निघाला. काकींनी डाळ सारखी केली, हात झटकले आणि म्हणाल्या, "स्वच्छ झाली बघा."

 झुलालच्याने राहवलं नाही. "काकी," तो हळूच म्हणाला, "तुमना हातवर किडा शे."

"कोणत्या हातावर?" काकी म्हणाल्या.

शेठजी त्यांच्या उजव्या बाजूला खाली बसले. आपली तीन बोटं त्यांनी काकींच्या गालाजवळ, शंभराच्या लखलखीत उजेडात धरली.  "किती बोटं आहेत?"

काकी समोरच्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "कुठे धरलीत? पुढे धरा ना."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही त्यांना धुळ्याला नेलं. शेठजी, काकी आणि मी. बसमध्ये काकींनीच आमची समजूत घातली. मोतीबिंदू असेल, म्हणाल्या, पिकला की काढतात, त्यांच्या मावशीचाही काढला होता. शेठजी दर गावाला मान डोलावत होते. मीही मनात मोतीबिंदूलाच विनवत होते. तो असावा, दुसरं काही नसावं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग काकींना बाहेर बसवून आम्हाला आत बोलावलं. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात किल्लीच्या भोकाएवढं उरलेलं. औषधाचे थेंब देतो, लागलं तर शस्त्रक्रिया करू, जे उरलंय ते टिकलं तर टिकेल. गेलं ते परत येत नाही. त्यांनी विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, असं कधी म्हणाल्या होत्या का?"

"म्हणाल्या होत्या," शेठजी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी."

"मग तेव्हा काय केलंत?"

 शेठजी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मी बल्ब पुसला."

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं, आणि मी तिथेच भिंतीकडे तोंड करून रडले. मला वाटत होतं शेठजींवर ओरडावं. ओरडायला तोंड कुठे होतं? त्यांनी बल्ब पुसला, मी त्या कड्यावर विनोद केला. त्यांनी निदान काहीतरी केलं होतं.

थेंब घातले, शस्त्रक्रियाही केली. डावा डोळा वर्षभर तग धरून राहिला आणि १९७३ च्या पावसाळ्यात तोही गेला. शेठजींनी मुंबईची वारी केली, आयुर्वेद केला, कोणी सांगितलं म्हणून कुठल्या कुठल्या मुळ्या आणल्या. पैसा पाण्यासारखा ओतला. जो हात एक बटण जास्त दाबत नव्हता त्या हाताने त्यांनी जे ओतायचं ते ओतलं, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. काकींनी तक्रारीचा शब्द काढला नाही. एकच केलं. माझ्या हातून आता जीव मरतील, असं म्हणून चुलीपुढून उठल्या आणि डाळीला पुन्हा हात लावला नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर यांची जळगावला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला खाली उतरले, तर आतलं बोलणं ऐकून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

जेवणं होऊन गेली होती. झरोका विटांनी बुजवून टाकलेला. मधोमध शंभराचा बल्ब जळत होता. त्याच्याखाली शेठजी मांडी घालून बसले होते, नाकावर चष्मा, पुढ्यात डाळीची परात. एकेक किडा चिमटीत धरून वाटीत ठेवत होते, काकी ठेवायच्या तसा. काकी शेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड किंचित वर.

"सुणो जी," काकी म्हणाल्या. "डोक्यावर ऊब लागते. बल्ब केवढ्याचा आहे?"

शेठजींनी वर पाहिलं. खरं सांगितलं असतं तर काकींनी तो काढायला लावला असता. दिव्यावर पाखरं मरतात, वीज जळते, आणि माझ्यासाठी आता कशाला, असं त्या म्हणाल्या असत्या. शेठजी म्हणाले, "पंधराचा आहे."

"आणि निवडताय तुम्ही?"

"हो."

"पंधराच्यात दिसतं तुम्हाला?"

"दिसतं."

 काकींच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. आज बाजारात मेथी नव्हती म्हणावं तशा त्या म्हणाल्या, "मला नव्हतं हो दिसत."

शेठजींचा हात परातीत थांबला. वाटीतला किडा काठावरून बाहेर आला, डाळीत परत शिरला, तरी तो हात हलला नाही. मला आत जाऊन काकींच्या पाया पडायचं होतं.  पण मी मागे वळले आणि तशीच जिना चढून वर आले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की जिन्याचा दिवा मी जळताच ठेवला होता. साडेनऊ वाजून गेले. खालून कोणी हाक मारली नाही, कोणी मेन स्विच ओढला नाही.